‘सेट’ मराठीत बसवायचा कसा?

गेल्या डिसेंबरात दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा फोन आला. बाग बघून गेलेल्या परदेशी सल्लागाराने दोन पानी अहवाल पाठवला होता आणि त्यांच्या मुलाने तो मोबाइलवरच मराठी करून घेतला होता. “ताई, आमच्या बागेत गरीब संच आहे म्हणे. आता गरीब संचावर काय फवारू?”

मूळ कागदात शब्द होते ‘पुअर सेट’. म्हणजे फुलोरा आला, पण त्यातून मणी नीट धरले नाहीत, गळ झाली. द्राक्षपट्ट्यात याला सगळे ‘सेटिंग कमी झालं’ असंच म्हणतात. म्हणजे गंमत अशी, की सल्लागाराने ‘सेट’ लिहिलं होतं, शेतकरी रोज ‘सेटिंग’ म्हणतो, आणि मधल्या भाषांतराने दोघांची ताटातूट केली.

मी नाशकात भाषांतराची कामं करते. सकाळी निर्यातदाराचा करार, दुपारी अंबडच्या कारखान्यातलं मशीनचं मॅन्युअल, संध्याकाळी कोर्टाचा निकाल. या तिन्ही कागदांत हटकून भेटणारा, आणि दर वेळी वेगळा मुखवटा घालून येणारा शब्द म्हणजे ‘सेट’. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती: नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ. पुढे ‘रन’ या शब्दाने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं. पण माझ्या टेबलावर अजून ‘सेट’च जास्त त्रास देतो. ‘रन’ निदान पळताना तरी दिसतो.

४३० अर्थ पाठ करायचे नाहीत, कोणी करतही नाही. मी काय करते ते क्रमाने सांगते. पहिल्या तीन पायऱ्यांवर बहुतेक वाक्यं सुटतात, आणि खरा घात चौथीवर होतो.

पहिली पायरी: कूळ विचारा

इंग्रजीत ‘सेट’ नावाचे दोन शब्द आहेत. दिसायला जुळे, पण जन्म वेगवेगळ्या घरांत झालेला.

पहिला जुन्या इंग्रजीतला. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’ म्हणजे बसवणे. मराठीत पडणे-पाडणे, बसणे-बसवणे ही सोय रोजची आहे. इंग्रजीत ती जवळजवळ मोडून गेली आणि मोजक्या जोड्या तेवढ्या उरल्या. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल अ ट्री’ मधलं ‘फेल’ म्हणजे पाडणे, ही तशीच एक. या ‘सिट’चं मूळ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच खोडाचे. सदन, परिषद, संसद, उपनिषद हे सगळे त्याच सद्‌चे. तेव्हा मशीनवरचं सेटिंग आणि दिल्लीतली संसद यांचा पणजोबा एकच निघतो.

दुसरा ‘सेट’ लॅटिनमधल्या ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आला. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ, तोही तिथूनच. एकत्र जाणारी माणसं, मग एकत्र राहणाऱ्या वस्तू, असा त्याचा प्रवास. पुढे पहिल्या ‘सेट’ची छाया याच्यावर पडली आणि दोघे एकमेकांत मिसळले. पण आपल्या कामापुरती फोड सोपी आहे: पहिल्यात बसवण्याचा भाव, दुसऱ्यात समूहाचा.

समूहवाला ओळखायची खूण म्हणजे पुढे येणारा ‘ऑफ’ आणि अनेकवचन. ‘अ सेट ऑफ’ दिसला की लोक डोळे मिटून ‘संच’ लिहितात. शाळेच्या गणितात ते बरोबर आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या बीजगणितात पहिलाच धडा ‘संच’ आहे, त्यात संयोग, छेद, रिक्त संच सगळं नीट येतं. पुस्तकांचाही संच होतो. पण ‘सेट ऑफ कीज’ म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. ‘सेट ऑफ फॉल्स टीथ’ म्हणजे कवळी, दातांचा संच नव्हे. कपबश्यांचा आणि दागिन्यांचा मात्र सेटच. सराफ बाजारात जाऊन ‘मोत्यांचा संच दाखवा’ म्हणून बघा, दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल. आणि करारात ‘अ सेट ऑफ कंडिशन्स’ आलं, तर मराठीत ‘पुढील अटी’ एवढंच पुरतं. अटींचा संच करायचा नसतो, अटी नुसत्या असतात.

आपल्या भागात एक फसवी जागा आहे ती कांद्याची. ‘ऑनियन सेट्स’ म्हणजे कांद्याचे संच नव्हेत. उन्हाळ्यात दाट पेरून मुद्दाम बारीक ठेवलेले, साधारण सुपारीएवढे कंद काढून जपतात आणि पावसाळ्यात तेच लावतात, म्हणजे खरिपाचा कांदा लवकर हाती येतो. इथे ‘सेट’ म्हणजे लावायचं, जमिनीत बसवायचं ते. मी ‘लावणीचे छोटे कंद’ लिहिते, आणि वाचणारा लासलगावकडचा असेल तर ‘कांद्याचे सेट’ तसंच ठेवते. त्याला ते कळतं.

नाटका-सिनेमाचा सेटही या बसवण्याच्या घरातला, कारण तो उभा केलेला असतो. लिखित मराठीत ‘नेपथ्य’. पण नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रयोगाआधी टेम्पोतून फळ्या उतरवणारी मंडळी ‘सेट लावतात’ आणि प्रयोग संपला की ‘सेट काढतात’. दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात राहून सिनेमाच्या सेटला ‘दृश्यबंध’ म्हणायचं धाडस मला झालं नाही.

दुसरी पायरी: बसवणारा आहे का, की आपलं आपण बसलं?

क्रियापद आहे हे कळलं की वाक्यात कर्म शोधा. कर्म नसेल, म्हणजे कोणी काही सेट करत नसून एखादी गोष्ट स्वतःच सेट होत असेल, तर यादी एकदम आखूड होते. सूर्य मावळतो. दही लागतं. जेली आळते. हाड सांधतं. मणी धरतात. गम धरतो. सिमेंट सेट होतं.

या यादीत ‘धरणे’ आणि ‘लागणे’ किती वेळा येतात ते बघा. पातळ किंवा सैल असलेलं काहीतरी आता आपल्या जागी थांबलं, हाच सगळ्यांतला भाव आहे. फुलाचा मणी होणं आणि विरजणाचं दही होणं या दोन गोष्टी इंग्रजीला सारख्या वाटतात. मला आधी हे विचित्र वाटायचं, आता नाही वाटत. रात्री विरजण लावून पातेलं झाकून ठेवायचं आणि सकाळी हात न लावता नुसतं तिरकं करून बघायचं, तसंच बागायतदार घडावर बोट फिरवून मणी टिकले की गळले ते बघतो.

सिमेंटवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे चुकीच्या शब्दाने पैसे जातात. ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत दोन्हींना ‘कडक होणे’ म्हणून टाकायची सवय आहे. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगतं, की सेटिंगची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट ६०० मिनिटांच्या, म्हणजे दहा तासांच्या आत झाला पाहिजे. सुरुवात फार लवकर होऊ नये म्हणून कारखान्यातच क्लिंकरबरोबर (म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांबरोबर) जिप्सम दळतात. सेट झालं म्हणजे कालवलेलं सिमेंट आता ओघळत नाही, आकार धरून बसलं. ताकद त्यानंतर येत राहते, आणि ती मोजायची प्रमाण मुदत २८ दिवसांची आहे.

आता समजा तुम्ही ‘फायनल सेटिंग टाइम’चं ‘पूर्ण कडक होण्याचा काळ’ केलंत आणि पुढे ६०० मिनिटं लिहिलीत. वाचणारा हिशेब करेल: रात्री स्लॅब टाकला, सकाळी सेंटरिंग काढायला हरकत नाही. प्रत्यक्षात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटलाही किमान सात दिवस ठेवायचे असतात, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस, आणि रोज पाणी मारणं वेगळंच. म्हणून मी ‘सेट होण्यास सुरुवात’ आणि ‘सेट होणे पूर्ण’ असं लिहिते. ‘सेट’ तसाच ठेवते, कारण गवंडीही ‘माल सेट झाला’ असंच म्हणतो आणि त्याला तेवढंच म्हणायचं असतं.

तिसरी पायरी: काय बसवलं ते बघा, क्रियापद तेच सांगेल

कर्म असेल तर ‘सेट’कडे बघूच नका. कर्माकडे बघा आणि स्वतःला विचारा, या वस्तूचं मराठीत लोक काय करतात? गजराचं काय करतात? लावतात. जेवणाच्या पानांचं काय करतात? मांडतात. भावाचं? ठरवतात. खड्याचं? कोंदणात बसवतात. प्रश्नपत्रिकेचं? काढतात. गाण्याच्या शब्दांना चाल लावतात. छापखान्यात खिळे होते तेव्हा ते जुळवत, आणि जुळवणारा तो जुळारी. हाड बसवतात. मर्यादा घालतात. पायंडा पाडतात. आदर्श घालून देतात. आग लावतात. घड्याळ लावतात, आणि काटे मागेपुढे झाले असतील तर जुळवतात.

नाशिककरांना रोजच्या पेपरात सापडणारं उदाहरण ‘सेट अ ट्रॅप’. सिन्नर-निफाडकडे उसात बिबट्या दिसला की वनविभाग पिंजरा लावतो. लाच मागणाऱ्या बाबूसाठी लाचलुचपतवाले सापळा रचतात. घरात उंदीर झाला तर तुम्ही-आम्ही पिंजराच लावतो, फक्त लहान. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आणि एकच नाम. मराठीत ‘बिबट्यासाठी सापळा रचला’ असं लिहिलंत तर चूक नाही, पण बिबट्याने पैसे मागितल्यासारखं वाटतं.

या पायरीवर एक लक्षात आलं की भीती निम्मी होते. आपला ‘लावणे’ हा शब्द ‘सेट’इतकाच बहुरूपी आहे. रोप लावणे, दिवा लावणे, कुंकू लावणे, नंबर लावणे, शिस्त लावणे, अर्थ लावणे, वशिला लावणे, जीव लावणे. आपण यातला एकही अर्थ कोशात बघून शिकलो नाही, समोरच्या शब्दावरून शिकलो. मी नवीन मुलांना एक खेळ देते: कर्म असलेला ‘सेट’ आला की आधी ‘लावणे’ ठेवून बघा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर ‘बसवणे’, मग ‘ठरवणे’, मग ‘मांडणे’, मग ‘घालणे’. या पाचांत बरीचशी कर्मं निपटतात. उरलेल्यांसाठी जी माणसं ते काम करतात त्यांना फोन करावा. मी करते. एकदा करवतीच्या दात्यांचा ‘सेट’ आला, तेव्हा ओळखीच्या सुतारकाकांना विचारलं. ते म्हणाले, “दाते एक इकडं, एक तिकडं वाकवतात, म्हणजे पातं लाकडात अडकत नाही.” मी तेवढंच वाक्य लिहिलं. त्याला वेगळं नाव शोधत बसले नाही.

चौथी पायरी: शेपूट तपासा

इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे.

‘सेट’च्या मागे अप, ऑफ, आउट, इन, बॅक, असाइड असं शेपूट लागलं की अर्थ शेपटाच्या ताब्यात जातो. आणि एकच शेपूट दोन ठिकाणी दोन अर्थांनी हलतं.

कामाला लागून मला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका शेतकरीदादांच्या बांधाच्या वादात अपिलाचा निकाल आला होता. ते कागद घेऊन आले. शेवटच्या परिच्छेदात होतं, खालच्या कोर्टाचा आदेश ‘इज हियरबाय सेट असाइड’. मी सरळ लिहिलं, ‘आदेश बाजूला ठेवण्यात येत आहे.’ ते वाचून त्यांचा चेहरा उतरला. बाजूला ठेवला म्हणजे अजून निकाल नाही, म्हणजे पुन्हा तारखा. चार दिवस ते त्याच काळजीत होते. पाचव्या दिवशी वकिलांना भेटले तेव्हा वकील हसले आणि म्हणाले, “अहो, तुमच्या विरुद्धचा आदेश रद्द झालाय! तुम्ही जिंकलात.” दादांनी मला रागाने एक शब्दही बोलून दाखवला नाही, उलट पेढे आणून दिले, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

तर ‘सेट असाइड’: कोर्टात ‘रद्द करणे’ किंवा ‘रद्दबातल ठरवणे’. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ मध्ये एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायची सोय आहे, तिथेही हाच शब्द. पण त्याच निकालात ‘सेट असाइड अँड रिमांडेड’ असेल तर नुसतं रद्द लिहून थांबू नका. प्रकरण फेरसुनावणीसाठी खाली परत पाठवलं आहे, म्हणजे जिंकल्याचे पेढे अजून दूर आहेत. आणि हाच ‘सेट असाइड’ पैशांना किंवा पिठाच्या गोळ्याला लागला, की खरोखरच बाजूला काढून ठेवणे. ‘सेट द डो असाइड’ म्हणजे कणीक रद्द करायची नसते.

‘सेट ऑफ’ (हा दोन ‘एफ’चा ‘ऑफ’, मघाचा समूहवाला नव्हे) तर चार गावचं पाणी प्यायलेला. माणूस सेट ऑफ झाला तर निघाला. फटाका सेट ऑफ केला तर उडवला. गजर ‘सेट ऑफ’ झाला तर वाजायला लागला, आणि नुसता ‘सेट’ केला तर लावला. हा फरक चुकला तर माणूस रात्रभर जागा राहील. हिशेबात ‘सेट-ऑफ’ म्हणजे एकाचं येणं दुसऱ्याच्या देण्यातून वळतं करणं. जुन्या करपद्धतीत घरकर्जाच्या व्याजामुळे घरापासूनच्या उत्पन्नात तोटा दिसला, तर तो वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, त्याला सीए ‘तोटा सेट-ऑफ केला’ म्हणतात. मराठीत ‘वजावट’ लिहावंसं वाटतं, पण करात ‘वजावट’ हा शब्द ‘डिडक्शन’ने आधीच अडवून ठेवला आहे. म्हणून मी ‘तोटा वळता करणे’ किंवा ‘समायोजन’ लिहिते. समायोजन मला आवडत नाही, पण सरकारी कागदात तोच चालतो.

‘सेटबॅक’ जोडून आला आणि विषय बांधकामाचा असेल, तर ती प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. महापालिकेच्या कागदांत ‘सामासिक अंतर’, बिल्डरच्या तोंडी ‘मार्जिन’. विषय बांधकामाचा नसेल तर धक्का, पीछेहाट. गंगापूर रोडच्या एका घरमालकांच्या कागदात दोन्ही अर्थ एकाच पानावर होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाबतीत पहिल्यामुळेच दुसरा झाला होता.

‘सेट इन’ म्हणजे लागणे. पाऊस लागला, कीड लागली, थंडी पडली. यात एक बारकावा आहे: आला आणि आता लवकर जाणार नाही. नाशकात दोन-तीन दिवस झड लागून राहते आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं याची चौकशी सुरू होते, तेव्हा ‘द रेन्स हॅव सेट इन’. पावसाने ठाण मांडलं.

‘सेट अप’ आणि ‘सेट आउट’ यांच्यावर वेळ घालवत नाही. पहिला उभारणे, दुसरा निघणे किंवा कागदात असेल तर मांडणे. क्वचितच फसवतात. मात्र ‘ही वॉज सेट अप’ म्हणजे त्याला कोणी तरी गोवलं. तेवढं लक्षात ठेवा, विशेषतः फौजदारी कागदात.

पाचवी पायरी: काळ

छोटी आहे, पण विसरते. ‘सेट’चं वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक धातुसाधित, तिन्ही एकच. रूपावरून काळ कळत नाही. ‘दे सेट द प्राइस’ म्हणजे ते भाव ठरवतात की त्यांनी ठरवला? पुढे ‘एव्हरी मॉर्निंग’ असेल तर ठरवतात, ‘ऑन मंडे’ असेल तर बहुधा ठरवला. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असला तर सुटका होते: शेवटी ‘स’ लागून ‘सेट्स’ झालं तर वर्तमान, नुसतं ‘सेट’ असलं तर भूत. कांद्याच्या एका करारात मी हे विसरले आणि ‘भाव लिलावात ठरतो’च्या जागी ‘भाव लिलावात ठरला’ लिहिलं. निर्यातदाराने लगेच विचारलं, “कितीला ठरला?”

सहावी पायरी: कुठे हात लावायचा नाही

काही ‘सेट’ मराठीत येऊन इतके रुळले आहेत, की त्यांचं भाषांतर करणं म्हणजे घरच्या माणसाला पाहुण्यासारखं बसवणं. पंपसेट, जनरेटर सेट, दागिन्यांचा सेट, व्हॉलीबॉलचा सेट. निर्णायक सेटचे १५ आणि आधीच्यांचे २५ गुण, हे खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही आणि त्याला ‘डाव’ म्हटलेलं त्याला आवडत नाही.

सातपूर-अंबडच्या गेटवरच्या पाट्या वाचा: ‘सीएनसी सेटर पाहिजे’. सीएनसी म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारं मशीन. ऑपरेटर ते चालवतो. सेटर नवीन जॉब आला की जबडे बदलतो, टूल लावतो, ऑफसेट घेतो (म्हणजे टूलची मापं मशीनला देतो), पहिला पीस काढून मापात आहे का बघतो आणि मग मशीन ऑपरेटरच्या हाती देतो. पगारातही फरक असतो. ‘सेटर’चं ‘जुळणीकार’ केलंत तर अर्ज कोण करणार?

पण हाच रुळलेपणा कधीकधी गोत्यात आणतो. आमच्या शेजारच्या मुलाचा लग्नाचा बायोडेटा त्याच्या आत्याने लिहिला. ‘मुलगा सेट आहे, अंबड येथे.’ एका स्थळाने समजून घेतलं, की मुलगा सेट परीक्षा पास, म्हणजे प्राध्यापक. दुसऱ्याने समजून घेतलं, की नोकरीत स्थिरावलेला. मुलगा होता सेटर. आणि त्याचा मामा बायोडेटा वाचून म्हणाला, “हे असं छापू नका, आधीच कुठं सेटिंग आहे असं वाटतंय.” बोलीत ‘सेटिंग’ला जी वळणं आली आहेत, आतून जमवलेला व्यवहार किंवा गुपचूप जमलेलं प्रेम, ती ऑक्सफर्डच्या कोशात शोधून सापडायची नाहीत. म्हणून मोबाइलच्या पुस्तिकेत ‘सेटिंग्ज’ ठेवा, पण माणसाबद्दलच्या वाक्यात हा शब्द ठेवण्याआधी दोनदा वाचा.

आता एक वाक्य सोडवू

एका मापनयंत्राच्या मॅन्युअलमध्ये हे वाक्य होतं: ‘सेट द पॉइंटर टू झीरो, टाइटन द सेट स्क्रू अँड वेट अंटिल द अडेसिव्ह हॅज सेट.’ एका ओळीत तीन.

पहिल्याला कर्म आहे, पॉइंटर म्हणजे काटा. काट्याचं काय करतात? शून्यावर आणतात. ‘लावतात’ही चाललं असतं, पण कारखान्यात ‘झिरोवर आण’ असंच ओरडतात.

दुसरा नामाच्या आधी विशेषणासारखा बसला आहे. ही तयार वस्तू आहे, बिनडोक्याचा, आतून ॲलन कीने आवळायचा स्क्रू. हार्डवेअरच्या दुकानात ‘ग्रब स्क्रू’ म्हणून मिळतो. ‘संच स्क्रू’ असं मी एका छापील पुस्तिकेत वाचलं आहे. तो मागायला गेलेल्याला दुकानदाराने पूर्ण पेटीच दाखवली असणार.

तिसऱ्याला कर्म नाही. म्हणजे दुसरी पायरी: आपलं आपण बसतं ते. इथे ‘सुकेपर्यंत’ लिहायचा मोह होतो, पण धातूच्या आट्यांत भरायचे बरेचसे गम सुकत नाहीत, आत हवा न मिळाल्यामुळे धरतात. फॅन लावून सुकवायला गेलं तर काहीच उपयोग नाही.

मी लिहिलं: ‘काटा शून्यावर आणा, ग्रब स्क्रू आवळा आणि गम धरेपर्यंत थांबा.’

छापायला देण्याआधी नेहमीप्रमाणे ते एका फिटरला वाचून दाखवलं. सातपूरला चहाच्या टपरीवर, शिफ्ट सुटताना. त्याने ऐकलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, “किती वेळ थांबायचं ते नाही लिहिलं का?”

मूळ इंग्रजीतही ते नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी कंपनीला मेल केला.